शिकवण्यात वेळ जातो म्हणणाऱ्यांना

अर्धविराम
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘नव्यांना शिकवत बसणं म्हणजे आपली बढती दुसऱ्याच्या पदरात घालणं.’ ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

11 वर्षं डेटाबेसचं काम करतोय. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेली सूची) असला तरी अटीत त्याला वर्ष काढणारं फंक्शन लावलं की क्वेरी, म्हणजे माहिती शोधायची आज्ञा, रखडते, म्हणून ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट लिहायची, हे तोंडपाठ होतं. टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, “पण का?” मला सांगता येईना. रात्री बसून वाचलं. इंडेक्स मूळ तारखांच्या क्रमाने लावलेला असतो, फंक्शनमधून निघालेलं वर्ष त्यात नसतंच, मग शोधणार कुठे? त्यानंतर क्वेरी प्लॅन, म्हणजे डेटाबेस माहिती कुठल्या वाटेने शोधणार याचा आराखडा, नीट वाचायला लागलो. आज माझ्याकडे येणारं निम्मं काम तेच आहे.

रोखठोक
ते वाक्य माझं. तुम्ही वाचलंत म्हणून शिकलात, शिकवलंत म्हणून नव्हे. 2018 मध्ये ध्वनिलहरींच्या धड्यावर एक प्रयोग झाला. टिपणं न बघता शिकवणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवत होतं, हे खरं. पण कुणालाही न शिकवता नुसतं आठवून लिहून काढणारेही त्यांच्याइतकेच पुढे होते. मग कोरा कागद घ्या की!

अर्धविराम
कोरा कागद ‘पण का?’ विचारत नाही हो.

पाऊलवाट
शिकवण्याचं राहू द्या, श्रेयाचं बोला. सहा महिने खपून मी नव्यांसाठी 40 पानी टिपणं लिहिली. वरिष्ठांनी माझं नाव काढून वर पाठवली. पुढच्या बैठकीत त्यांचं कौतुक झालं आणि मी तिथेच बसले होते.

नवखा_7
प्रत्येक पानावर नाव टाकायचं होतं ना ताई.

पाऊलवाट
म्हणजे चूक माझीच? नाव होतं. काढलं, असं लिहिलंय वर. आधी वाचा, मग शहाणपणा सांगा.

नवखा_7
चुकलं माझं. पण मी अशाच कुणाच्या तरी टिपणांवर उभा राहिलो. ती कुणी लिहिली हे आजही ठाऊक नाही. आभार कुणाचे मानू?

रोखठोक
बघा, मी हेच सांगतोय! माझ्या हाताखाली तयार झालेले दोघे आज माझ्या वर आहेत. वर्षअखेरच्या मूल्यमापनात शिकवण्याचा रकानाच नाही. माझे शनिवार गेले त्यात.

अर्धविराम
मग भांडण त्या रकान्याशी आहे. नव्या पोरांवर का काढता?

रोखठोक
बरं, पोरांवर काढायला नको होतं. ‘पदरात घालणं’ हे शब्द मागे घेतो. शनिवारचं म्हणणं मात्र कायम. शिकवायचं तर कामाच्या तासांत, आणि तसं साहेबांकडून लेखी घेऊन.

पाऊलवाट
लेखी कोण देतंय? मी टिपणं अजून लिहिते, लिहिताना माझ्याच चुका सापडतात म्हणून. फक्त आता ती टीममधल्या तिघांनाच देते. वर पाठवत नाही.