भाऊ तुरुंगातून सुटतोय, स्किझोफ्रेनिया आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्न (अंबाजोगाई तालुका):
धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात जामिनावर सुटतोय. गोळ्या बंद होत्या तेव्हा, 'विहिरीत विष कालवलंय' म्हणून त्यानं शेजाऱ्याला काठीनं मारलं. आत गोळ्या चालू केल्यात, पण कोणत्या ते आम्हाला ठाऊक नाही. आई सत्तरीची, मी सासरी. गावातले आतापासूनच म्हणायलेत, 'त्याला इकडं आणू नका.'

उत्तर (लातूर):
ताई, माझा मुलगा असाच आत राहून आलाय. सगळ्यात आधी गोळ्या बघा, त्यात खंड नको. सुटायच्या आधीच वकिलामार्फत कारागृह अधीक्षकांना अर्ज द्या: उपचाराचे कागद, डोससकट गोळ्यांची चिठ्ठी आणि सोबत थोड्या दिवसांच्या गोळ्या. संध्याकाळी सोडलं तर ओपीडी बंद असते, मग रात्रीची गोळी कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबाजोगाईच्या स्वारातीच्या (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालय) मनोविकार विभागात न्या. तो गोळी जिभेखाली धरून थुंकत असेल तर डॉक्टरांना गोळीऐवजी महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनचं विचारा. आमच्या घरातली रोजची भांडणं त्यानंच थांबली.

घरी आल्याबरोबर भावकी गोळा करू नका. 'असं का केलंस' हे तर कुणीच विचारू नये, त्या लेकरानं आत काय सोसलं ते त्यालाच माहीत. झोपेवर लक्ष ठेवा. सलग दोन रात्री जागला, ताटातलं अन्न संशयानं बघायला लागला, की पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

उत्तर (परभणी, विधी स्वयंसेवक):
जामिनाचा आदेश नीट वाचून घ्या. फिर्यादीच्या जवळ जायचं नाही अशी अट असेल आणि फिर्यादी शेजारीच राहत असेल, तर आधी मामाकडं किंवा तुमच्याकडं ठेवा. पत्ता बदलला की वकिलामार्फत कोर्टाला कळवा. हजेरी आणि तारखा तुम्ही लिहून ठेवा, चुकली तर वॉरंट निघतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, फोन १५१००. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं फुकट द्यायची आहेत. 'बाहेरून आणा' म्हणाले तर लेखी मागा.

प्रश्नकर्ती:
अर्ज उद्याच देते. आई एकटी असताना तो रात्री चिडला तर?

उत्तर (लातूर):
वाद घालायचा नाही, दार मोकळं ठेवून बाजूला व्हायचं. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मारहाणीवर आला तर ११२ लावा आणि आधीच सांगा, 'माणूस आजारी आहे.' कागदांची एक झेरॉक्स आईजवळ राहू द्या.