अनुभव धागा: मेडिक्लेमचा हप्ता, आपले क्लेम आणि कोकणातली घरं

परवा घरच्या मेडिक्लेमचा हप्ता भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी उठला, तरी रक्कम गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. ३ वर्षांत एकही क्लेम नाही. एजंट म्हणाले, "वहिनी, तुमच्या एकट्याच्या क्लेमवर हा दर ठरत नाही. त्या योजनेतल्या सगळ्यांचे क्लेम बघतात, आणि यंदा भाऊंचा वयोगट बदलला." तेव्हापासून डोक्यात घोळतंय, आपण पॉलिसी वापरतो कशी आणि ती महाग होते कशी. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. दवाखान्यांची, कंपन्यांची नावं नकोत.
– देवगडहून

चिपळूण
अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन. काउंटरवर पहिला प्रश्न, "मेडिक्लेम आहे?" हो म्हटल्यावर, "मग स्पेशल रूम घ्या." घेतली, पैसे कंपनीच देणार म्हणून. पॉलिसी २ लाखांची, रूमभाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे २,००० पर्यंत. रूम ४,००० ची. वाटलं, वरचे २,००० आपण भरू. पण रूम मर्यादेच्या दुप्पट, म्हणून त्याच प्रमाणात सर्जनची फी, थिएटरचं भाडं, सगळं निम्मंच मंजूर झालं. औषधांचं तेवढं पूर्ण मिळालं. साध्या वॉर्डात अण्णांचं काही अडलं नसतं. बिल फुगलं त्यात माझाही हात होता, हे मला लागून राहिलंय.

सावंतवाडी
झील (मुलगा) पुण्यात कंपनीत. आम्ही दोघं त्याच्या ग्रुप पॉलिसीत, तिथे जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून चालायची. लावणी आटपली आणि ह्यांना लेप्टो झाला. ८ दिवस आयसीयूत. ते बिल पॉलिसीने भरलं म्हणून आमची जमीन वाचली. पण ग्रुपचं गणित वेगळं. त्या गटाने वर्षभरात किती क्लेम केले, ते बघून पुढचा दर लावतात. पालकांचे क्लेम इतके झाले की त्यांचा हप्ता मुलांच्या पगारातून कापायला लागले, वर २० टक्के को-पे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आपण भरायचा. ज्यांचे आईवडील धडधाकट, त्यांनी नावं काढून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? राहिलो आम्ही, बीपी-शुगरवाले. पुढच्या वर्षी दर पुन्हा चढला, आणखी काही जण बाहेर पडले. झील म्हणतो, "आये, तू त्याचो विचार करू नको." माझा मोतीबिंदू पिकलाय. त्याला अजून सांगितलं नाही.

गुहागर
डेंग्यूचं २ रात्रींचं बिल आम्ही खिशातून भरलं, क्लेम न केल्याचा बोनस मोडू नये म्हणून. त्या बोनसने विम्याची रक्कम वाढत गेली होती. बाबांच्या बायपासला तीच वाढीव रक्कम कामी आली. आमच्यापुरतं तरी बरोबर ठरलं.

मालवण
मासळीचं वर्ष वाईट गेलं तेव्हा पॉलिसी सोडली. काही होत नाही तर भरायची कशाला, असं घरात ठरलं. २ वर्षांनी बीपी निघालं, तेव्हा धावत नवी घेतली. हप्ता चढा, आणि बीपीमुळे होणाऱ्या दुखण्यांना ३ वर्षं थांबायचं. दुसऱ्याच वर्षी छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली, रेशनकार्डावर. पण त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागलं. गाडी घाट चढेपर्यंत बायकोने माझा हात सोडला नाही. पॉलिसी अजून भरतोय. ती ३ वर्षांची मुदत संपायला १४ महिने आहेत.