शब्दचर्चा : वंशावळी, विश्वासू आणि धुमारा

धागाकर्ता : नाताळाआधीच्या रविवारी उपासनेत बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळी, वाचायची पाळी माझ्यावर आली. अमुकाला तमुक झाला, तमुकाला ढमुक झाला. शल्तीएल, जरुब्बाबेल येईपर्यंत जिभेची वळकटी झाली आणि मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. नंतर पाळक म्हणाले, ‘ही वंशावळी म्हणजे देवाच्या विश्वासूपणाचा दाखला.’ तेव्हापासून दोन शंका डोक्यात आहेत. वंशावळ की वंशावळी? आणि विश्वासू तर नोकर असतो, कुत्रा असतो. देव कुणाशी विश्वासू?

शब्दवेडी : दोन्ही रूपं चालतात. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू आणि आवली म्हणजे ओळ. बांबूला पेरावर पेर येतं, तशी पिढीवर पिढी. बोलण्यात आणि तहसिलीत ‘वंशावळ’, बायबलात ‘वंशावळी’. जात पडताळणीला वंशावळ जोडताना खापरपणजोबा शोधत फिरलेल्यांनी बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचावा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्या काही याजकघराण्यांना आपली नोंद सापडली नाही आणि त्यांना याजकपण नाकारलं गेलं. कागद तेव्हाही लागत होता!

बांधावरचा : ताई, पण मत्तयाची वंशावळी तसल्या कागदाच्या उलट आहे. आपण अडचणीची माणसं गाळतो. त्याने सासऱ्याकडून गरोदर राहिलेली तामार घेतली, यरीहोची वेश्या राहाब घेतली, मवाबी रूथ घेतली. बथशेबेला तर नावानेही नाही, ‘उरीयाची बायको’ म्हणून घेतलंय. दुसऱ्याची बायको घेतल्याचं दावीद राजाचं पाप त्या दोन शब्दांत कायमचं नोंदलेलं. गाळले ते राजे : योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट जमवायचे होते ना. हिब्रू अक्षरांच्या अंकमोजणीत दावीद या नावाची बेरीज 4+6+4 म्हणजे 14 होते. बरेच अभ्यासक हा आकडा तिथूनच आला असं मानतात.

आता ‘विश्वासू’. हिब्रू शब्द एमुना. ‘आमेन’ त्याच धातूचा. अरबी ईमानही त्याच कुळातला, आणि आपलं ‘इमान’ तिकडूनच आलेलं. म्हणजे कुत्र्याला इमानी म्हणताना तुम्ही नकळत योग्य घराण्यातच होता. निर्गम 17 मध्ये अमालेकाशी लढाई चाललेली असते. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. मग त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोन बाजूंनी हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहतात. तिथे अर्थ साधा आहे : स्थिर, न ढळलेले. मराठीत मी ‘शब्दाला जागणं’ म्हणेन. नोकर मिठाला जागतो, देव स्वतःच्या शब्दाला.

शंकेखोर : म्हणायला ठीक. पण दावीदाला ‘तुझं सिंहासन कायम राहील’ असा शब्द दिला आणि इसवी सनपूर्व 586 मध्ये यरुशलेम जळून खाक. जागला कुठे?

बांधावरचा : भाऊ, त्यासाठी यादीत यहूदाचा राजा यखन्या याच्यापाशी थांबा. यिर्मया 22 मध्ये देव त्याला म्हणतो, तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी उपटून फेकली असती. या माणसाची नोंद निपुत्रिक अशी करा, याच्या बीजातला कुणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. विषय संपला. तो बाबेलात कैदी होऊन गेला. तिथल्या राजवाड्याच्या अवशेषांत तेलाच्या शिध्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत यहूदाचा राजा म्हणून त्याचं नाव आहे, सोबत पाच मुलांचा शिधाही. निपुत्रिक लिहिलेल्या माणसाच्या पोरांचं तेल शत्रूच्या कोठारातून निघत होतं! आणि इसवी सनपूर्व 520 मध्ये हाग्गय संदेष्टा त्याच्या नातवाला, तुमच्या जिभेला नडलेल्या जरुब्बाबेलाला, देवाचा निरोप देतो : मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. तीच अंगठी. गादी मात्र त्यालाही मिळाली नाही, हे तुमचं खरं.

शब्दवेडी : इथे मला ‘धुमारा’ आठवतो. यशया 11 च्या पहिल्या ओळीत मराठी बायबल म्हणतं, इशायाच्या बुंधाला धुमारा फुटेल. काय शब्द निवडलाय! नुसतं ‘फांदी’ म्हटलं असतं तर झाड उभंच वाटलं असतं. धुमारा म्हटलं की छाटलेला बुंधा डोळ्यांपुढे येतो. आमच्या बांधावरचा शेवगा तोडला की पावसाळ्यात बुंध्यातून फुटतात ते धुमारे. आणि ‘बुंधा’साठीचा मूळ हिब्रू शब्दही तोडलेल्या खोडाचाच आहे. इशाय दावीदाचा बाप, म्हणजे राजेपण छाटून मामला पुन्हा बेथलेहेमातल्या मेंढपाळाच्या घरी.

शंकेखोर : आणि लूकच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळी? तो उलटा आदामापर्यंत जातो, 77 नावं, आणि दावीदानंतर शलमोनाऐवजी त्याचा दुसरा मुलगा नाथान धरतो. तलाठी दोन्ही कागद परत करेल.

बांधावरचा : करेल. जुळवाजुळवीच्या उपपत्ती पुष्कळ आहेत, मला एकही पुरती पटलेली नाही. मत्तयाचं क्रियापद मात्र बघा. सगळीकडे ‘झाला, झाला’, आणि शेवटी ‘योसेफाला येशू झाला’ असं येतच नाही. ‘मरीयेचा पती योसेफ, तिच्यापासून येशू जन्मला.’ बापाची ओळ तिथे तुटते.

धागाकर्ता : म्हणजे पुढच्या वर्षी शेवटच्या ‘झाला’पाशी श्वास घ्यायचा. ताई, एक राहिलं : वंशावळीचं अनेकवचन?

शब्दवेडी : वंशावळ्या. पण ‘वंशावळ’ धरलीत तर तिचं अनेकवचन ‘वंशावळी’. मत्तय आणि लूक मिळून कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा.