‘ब्र’वर ६०० शब्द लिहायचेत, ‘धाडसी’, ‘संवेदनशील’ सोडून काय लिहू?

पानखूण:
वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी कविता महाजन यांच्या ‘ब्र’चं परीक्षण लिहितेय. मर्यादा ६०० शब्दांची. पहिल्या खर्ड्यात साडेतीनशे शब्द कथानकातच गेले. उरलेल्यात ‘धाडसी’, ‘संवेदनशील’, ‘अस्वस्थ करणारं’. हे खोटं नाही, पण बाईने लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकाला डकवता येईल. कथानक किती सांगावं? पुढच्या अंकांसाठी ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ आणि बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’ घ्यायचंय. तिन्हींना एकच साचा चालेल का?

समास:
कथानकाला १०० ते १२० शब्द पुष्कळ झाले, तेही पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापुरतं.

विशेषणांचं म्हणाल, तर प्रत्येकाखाली रेघ मारा आणि समासात पान क्रमांक लिहा. क्रमांक सापडला नाही तर विशेषण काढा. सापडला तर त्या पानावर नेमकं काय घडतं तेच लिहा, मग विशेषणाची गरजच उरत नाही. ‘धाडसी’ हा शब्द तर फसवाच आहे. धाडस विषयात आहे, भाषेत आहे की कुणाच्या तोंडून गोष्ट सांगायची या निवडीत? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि परीक्षण तिथेच सुरू होतं.

आणखी एक. ‘ब्र’ ही कादंबरी आहे. तिची नायिका प्रफुल्ला म्हणजे महाजन नव्हेत. ‘लेखिकेने आपले अनुभव मांडले आहेत’ असं लिहिलं की तिने काय निवडलं, काय गाळलं, कशाच्या शेजारी काय ठेवलं हे सगळं कारागिरीचं काम पुसलं जातं. आणि ‘कविताताई’ तर नकोच. पुरुष लेखकाला आपण सहज आडनावाने संबोधतो. इथेही ‘महाजन’च लिहा.

कोरीवही:
समास यांच्याशी सहमत. भर इतकीच की काळ तपासून घ्या. ग्रामपंचायतींतल्या बायकांवरची ‘ब्र’ २००५ची. ७३वी घटनादुरुस्ती १९९३पासून लागू झाली आणि पंचायतींत बायकांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ते प्रमाण ५० टक्के झालं २०११मध्ये. आज परीक्षण लिहिताना हातून ‘५० टक्के आरक्षणातून आलेल्या सरपंच’ असं सहज लिहून जातं, आणि कादंबरीतल्या बायका ज्या ग्रामपंचायतीत बसतात तिचं गणितच बदलतं.

शीर्षकावर मात्र जरूर थांबा. ‘तिने ब्र काढला नाही’ हे आपण नकारातच बोलतो. ‘ब्र काढला’ असं सरळ कुणी म्हणत नाही. महाजनांनी तो नकार काढून नुसतं अक्षर मुखपृष्ठावर ठेवलंय. यावर ५०-६० शब्द खर्च झाले तरी वाया जाणार नाहीत.

आवृत्ती तिसरी:
एक साचा चालणार नाही.

‘आयदान’ (२००३) आत्मकथन आहे, त्यामुळे ‘मी’ म्हणजे पवारच. पण ‘प्रांजळ’ म्हणून सोडून देऊ नका. आयदान म्हणजे बांबूच्या विणकामाच्या वस्तू. आई त्या विणायची, आणि आपल्या लिहिण्याचा तिच्या विणण्याशी असलेला धागा पवारांनी स्वतःच दाखवलाय. सूप विणताना पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून जाते. मध्येच दिसेनाशी होते, पुढे पुन्हा वर येते. आठवणीही तशाच येतात. हे लक्षात घेतलं नाही तर ‘मांडणी विस्कळीत आहे’ असा शेरा मारला जातो. सुरुवातीच्या पानांतल्या, डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारात जाणाऱ्या बायका बारकाईने वाचा: कोण काय वाहतंय, वाटेत काय बोलतंय. पहिला परिच्छेद तिथूनच उचला, ‘दलित स्त्री-साहित्यातील महत्त्वाचे’ अशा वाक्याने नको.

मूळ कन्नड कथांचं ‘हार्ट लॅम्प’ इंग्रजीतून वाचणार असाल तर ‘लेखिकेची भाषा प्रवाही’ लिहू नका. तुमच्यासमोर अनुवादक दीपा भास्ती यांची इंग्रजी आहे. त्यांचं नाव पुस्तकाच्या नावाशेजारीच हवं; २०२५च्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचे ५०,००० पौंडही दोघींत समान वाटले गेले. भास्तींनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या ठशात वेगळे काढलेले नाहीत. त्यामुळे वाचताना कुठे अडखळायला होतं, कुठे संदर्भाने अर्थ लागतो, हे उदाहरण देऊन सांगता येईल. कथा १२ आहेत. प्रत्येकीला दोन ओळी दिल्या तर नुसती अनुक्रमणिका होते. तीन निवडा, त्यांतली एक नीट उलगडा.

पानखूण:
उतारे किती घ्यावेत?

समास:
६०० शब्दांत दोन, मिळून ७० शब्दांपर्यंत. उताऱ्यानंतर त्यातल्या एखाद्या शब्दावर किंवा वाक्यरचनेवर बोलायचं नसेल तर तो उतारा नकोच. बोली ‘सुधारून’ प्रमाण करू नका. मुद्रितशोधनात हमखास तेच होतं, म्हणून संपादकांना चिठ्ठी लावा. पान क्रमांकासोबत आवृत्तीही लिहा, नव्या आवृत्तीत पानं सरकतात.