वारीसाठी अठरा दिवस रजा हवी आहे, मालक ऐकत नाही. काय करू?

माळकरी_भोसरी: मालकांनी आज अर्ज परत दिला. म्हणाले, तीन दिवस घे, एसटीने जाऊन दर्शन करून ये. अहो, आळंदीपासून चालत जायचंय! वडील गेले. त्यांच्या टाळांची दोरी हाताच्या घामाने काळी पडलीय, ती मी बदललेली नाही. यंदा त्यांची जागा मी धरतो, असं दिंडीत सांगून बसलोय. हेच मालक दरवर्षी दारात मांडव घालून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटतात. लवकर सांगा, प्रस्थान तोंडावर आलंय.

कामगारमित्र: कारखाना की दुकान-गोदाम? माणसं किती? शिल्लक रजा किती?

फलटणकर: नोकरी सोडा. मी दोनदा सोडली, पांडुरंगाने तिसरी दिली. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं, वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचा अश्व धावला की पगार आठवत नाही.

कामगारमित्र: @फलटणकर, त्यांचं घर तुम्ही चालवणार का?

सुनंदाताई: अरणच्या सावतोबांनी, म्हणजे संत सावता माळ्यांनी, मळा सोडला नाही. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. कामातच विठ्ठल पाहा.

माळकरी_भोसरी: ताई, सावतोबा स्वतःच्या मळ्यात होते. मी दुसऱ्याच्या गोदामात आहे. चाळीस जण आहोत. तीन वर्षं झाली, पीएल, म्हणजे हक्काची भरपगारी रजा, घेतलेलीच नाही.

कामगारमित्र: हे आधी सांगायचं! महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा बघा. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, ४५ पर्यंत साठते. शिल्लक लेखी मागा. वारीची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. पण ८ पगारी सुट्ट्यांपैकी ४ मालक-कामगार मिळून ठरवतात, तिथे आषाढी घालून घ्या.

शाहीन_सोलापूर: रमजानमध्ये इफ्तारला घरी पोचता यावं म्हणून मी सकाळची पाळी मागते आणि दिवाळीत सगळे दिवस कामावर येते. मागायच्या आधी कोण कुठला दिवस सांभाळेल ते कागदावर लिहून नेते. तुमचे अठरा दिवस कोण बघणार, हे अर्जात लिहिलं होतं का दादा?

गणेश_हडपसर: दिवेघाटात पालखी किती वाजता येते? गाडी कुठे लावावी?

माळकरी_भोसरी: नाही लिहिलं. जो माणूस वारकऱ्यांच्या पाया पडतो, त्याला हे सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

फलटणकर: नवी चप्पल घालू नका. रात्री तळव्यांना खोबरेल लावा.

माळकरी_भोसरी: रात्रपाळीवाला हो म्हणाला, पण अकराच दिवस. उरलेल्या सातांचं काय करू?