बँड ६ झाले, आता एमएससीची उडी मारू का?

लेस्टरहून

नमस्कार मंडळी,

आपल्या मेल-यादीवर बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. आधी बातमी: गेल्या महिन्यापासून आमच्या मेडिकल वॉर्डात मी बँड ६ (एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली पगाराची श्रेणी), म्हणजे ज्युनिअर सिस्टर झाले. मुंबईत असताना 'सिस्टर' म्हणून हाक मारली की कुठलीही नर्स ओ द्यायची. इथे ती हाक अंगावर यायला साडेतीन वर्षं लागली.

माझं शिक्षण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. महापालिकेच्या हॉस्पिटलात सहा वर्षं काढून २०२२च्या नोव्हेंबरात इकडे इंग्लंडला आले. ऑस्की, म्हणजे इथल्या नर्स-नोंदणीची प्रात्यक्षिक परीक्षा, दुसऱ्या खेपेला निघाली. आता आमच्या वॉर्ड मॅनेजर म्हणतात, बँड ७ (वॉर्ड मॅनेजरची श्रेणी) हवा असेल तर मास्टर्स करून घे. हेल्थकेअर लीडरशिपचं एक एमएससी बघून ठेवलंय. पण व्हिसा अजून स्किल्ड वर्करचा, त्यामुळे फी परदेशी विद्यार्थ्याची सांगतात. आकडा बघून यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितला. तरी म्हणतात, कर्ज काढू. मुलगी सहा वर्षांची आहे. लाँग डे असला की सकाळी साडेसहाला मी घराबाहेर.

ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

– मृ.

कॉव्हेंट्रीहून

अभिनंदन! पेढ्यांचं काय ते आधी बोला.

जाता जाता: गणपतीच्या जेवणाची नावं ज्यांनी दिली नाहीत त्यांनी ती वेगळ्या मेलने द्यावीत. मागच्या वर्षी उकडीच्या मोदकांचा हिशेब एका शोकसंदेशाच्या खाली सुरू झाला होता आणि यादी सांभाळणारा म्हणून शिव्या मी खाल्ल्या.

– अ.

मिल्टन कीन्सहून

मुली, डिग्री कधी वाया जात नाही. मी नोकरी करून एमबीए केलं, तेव्हा घरात दोन लहान मुलं होती. अवघड वाटतं, पण होऊन जातं. करून टाक. पैसा परत मिळवता येतो, वय नाही.

– द. काका

लीड्सहून

काका, तुमचा मान राखून मी उलटं सांगणार आहे.

मृ., मी २००३ साली आले, तेव्हा ऑस्की नव्हती, अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे देखरेखीखाली काम, करावं लागायचं. आज मेट्रन, म्हणजे वॉर्ड मॅनेजरांच्या वरची, आहे, बँड ८ए. एमएससी मीही केलं, पण स्टाफ नर्सपासून इथवर यायला मला जे उपयोगी पडलं त्यात त्या डिग्रीचा नंबर तिसरा-चौथा लागेल.

आधी रोकड्या गोष्टी. पूर्ण एमएससी १८० क्रेडिट्सचं असतं. ६० झाली की पीजी सर्टिफिकेट, १२० झाली की डिप्लोमा, आणि शेवटची ६० म्हणजे प्रबंध. बहुतेक ठिकाणी एकेक मॉड्यूल सुटं घेता येतं आणि मधेच थांबलीस तरी हातात काहीतरी कागद पडतो. मी पाच वर्षांत केलं, त्यातलं एक वर्ष सासूबाईंच्या आजारपणात बंदच होतं. एकदम सगळ्याला नाव नोंदवायची गरज नाही.

पैशाचं म्हणशील तर सरकारी पोस्टग्रॅज्युएट लोन तुला आत्ता मिळणार नाही, त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, लागतं. फीचंही तेच. आयएलआर, म्हणजे तो कायम राहायचा परवाना, हातात आला की बहुतेक विद्यापीठं तुला इथल्या विद्यार्थ्यांच्या फीत बसवतात. दुसरं, कुणी 'लेव्हीतून लेव्हल ७ अप्रेंटिसशिप घे' असं सांगितलं (लेव्ही म्हणजे नोकरी देणाऱ्यांकडून प्रशिक्षणासाठी घेतलेला कर, लेव्हल ७ म्हणजे मास्टर्सची पातळी) तर तो सल्ला जुना आहे. आमच्याकडे कित्येकींनी त्यातून फुकटात मास्टर्स केलं, पण इंग्लंडमध्ये जानेवारी २०२६पासून तो पैसा साधारण २१ वर्षांपर्यंतच्या नव्या मुलांपुरता ठेवलाय. काही क्लिनिकल कोर्सेससाठी वेगळी सोय होऊ शकते, ते तुमच्या हॉस्पिटलच्या एज्युकेशन विभागात जाऊन, समोर बसून विचार. एकेका मॉड्यूलचा खर्च हॉस्पिटल पुष्कळदा उचलतं. त्याच्या करारात एक ओळ असते: अमुक काळाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत. ती ओळ सहीच्या आधी वाच. माझ्या एका मैत्रिणीने घर बदलल्यावर वाचली.

आणि तुमच्या वॉर्ड मॅनेजर म्हणाल्या ते खरं आहे का, हेही तपास. बँड ७च्या चार-पाच जाहिराती काढ आणि पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवाराकडे काय हवं त्याची यादी, बघ. पुष्कळ ठिकाणी 'मास्टर्स पातळीवरचा अभ्यास किंवा तेवढा अनुभव' असं असतं. त्या 'किंवा'वर आपल्या बायका बोट ठेवत नाहीत. सगळं पूर्ण असल्याशिवाय अर्जच करत नाहीत.

आता मला खरं सांगायचंय ते. मी बँड ६ असताना आमच्या वॉर्डात म्हातारे पेशंट फार पडायचे. प्रत्येक वेळी इन्सिडेंट फॉर्म भरायचा, घरच्यांना फोन करायचा आणि जिची ड्यूटी तिने मान खाली घालायची. पहिल्या मॉड्यूलला काहीतरी मोजून आणा म्हणाले. मी लेकीच्या वहीतला चौकोनी कागद घेतला, लिनन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि पेशंट पडला की त्या तासाच्या चौकोनात एक लाल ठिपका. ठिपके म्हणजे तिच्या शाळेचे शाबासकीचे स्टिकर. सहा आठवडे. रात्री दोन-तीनला गर्दी दिसेल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. ठिपके जमले सकाळी सात ते पावणेआठमध्ये. म्हणजे हँडओव्हरला, एका पाळीने दुसरीला पेशंट सोपवायच्या वेळी. नाइटवाल्या आणि डेवाल्या दोघी ऑफिसात, दार लोटलेलं, आणि बाहेर जागे झालेले आजोबा एकटेच बाथरूमला निघालेले. आम्ही हँडओव्हर खाटांपाशी नेला आणि त्या पाऊण तासात एक हेल्थकेअर असिस्टंट फक्त बाथरूमसाठी मोकळी ठेवली. पुढच्या सहा आठवड्यांत तो रकाना जवळजवळ कोरा राहिला. दुपारचे ठिपके होते तसेच राहिले, तेही सांगते.

याला कोर्सात पीडीएसए म्हणतात: ठरवा, करून बघा, तपासा, सुधारा. नाव कळायच्या आधी मी ते केलं होतं. नाव कळल्यावर एवढा फरक पडला की कन्सल्टंटसमोर तो कागद ठेवून बोलता आलं. नाहीतर मी 'सर, मला वाटतं' एवढंच म्हणून गप्प बसले असते.

म्हणून माझा क्रम असा: आधी वॉर्डातली एक कटकट हातात घे, मग त्या कटकटीला उपयोगी पडेल ते मॉड्यूल. प्रश्न नसताना लीडरशिपचा अभ्यास केला तर नुसती लोकांची नावं पाठ होतात. एनएचएस लीडरशिप अकॅडमीचा एडवर्ड जेनर हा प्राथमिक कोर्स ऑनलाइन आणि फुकट आहे. हो, देवीची लस शोधणारे तेच जेनर. त्यावरचा मेरी सीकोल कोर्स सहा महिन्यांचा, पहिल्यांदा टीम सांभाळणाऱ्यांसाठी. ही बाई जमैकाची. क्रिमियाच्या युद्धात स्वतःच्या हिमतीवर जाऊन तिने सैनिकांची सेवा केली आणि सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात तिचा पुतळा उभा राहायला २०१६ उजाडलं. नाइटिंगेलबाईंची शाळा त्याच हॉस्पिटलात १८६०मध्ये निघाली होती. कुणाचं नाव किती उशिरा लागतं बघ.

अभ्यासात अडखळशील ती जागा आत्ताच सांगून ठेवते. माझ्या पहिल्या निबंधाला ४८ मिळाले, पास व्हायला ५० लागतात. शेरा होता: वर्णन चांगलं, विश्लेषण नाही. मला रडू आलं, कारण आपल्याकडे पुस्तकातलं नीट मांडलं की मार्क मिळायचे आणि उत्तरात 'मी' लिहायची सोय नव्हती. इथे 'मी' लिहायचंच. मी काय केलं, तसंच का केलं, आज वेगळं काय केलं असतं, आणि एक संशोधक एक म्हणतो, दुसरा दुसरं, तर माझ्या वॉर्डात कोणाचं लागू पडतं. टीका म्हणजे खोड काढणं नव्हे, हे कळायला मला एक सेमिस्टर लागलं. रिव्हॅलिडेशनसाठी, म्हणजे नर्सची नोंदणी चालू ठेवायला, दर तीन वर्षांनी पाच रिफ्लेक्शन्स, म्हणजे स्वतःच्या कामावरची टिपणं, लिहावीच लागतात. ती ओढूनताणून न लिहिता मनापासून लिहिलीस तर निम्मा सराव तिथेच होईल.

मुलाखतीतही तेच. मी दोनदा नापास झाले. पॅनेलमधल्या एकीने नंतर फीडबॅकमध्ये सांगितलं, 'तू सगळीकडे आम्ही केलं, आम्ही केलं म्हणालीस. तू काय केलंस ते आम्हाला लिहूनच घेता आलं नाही.' आपल्याला 'मी' म्हणायला जड जातं. घरात आरशासमोर उभी राहून म्हण.

आणि बँड ७ म्हणजे काय तेही जवळून बघ. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात पेशंटांची हेळसांड झाली, त्या प्रकरणानंतर २०१३मध्ये फ्रान्सिस अहवाल आला, २९० शिफारशी. त्यातली एक अशी की वॉर्ड मॅनेजरने ऑफिसात अडकून न राहता वॉर्डात फिरून देखरेख करावी. कागदावर आजही तसंच आहे. प्रत्यक्षात कुणी आजारी पडलं की देखरेख करणारीच सहा खाटांची बे (वॉर्डाचा एक कप्पा) घेते आणि रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, रात्री घरी बसून करते. तुमच्या बाईंबरोबर दोन दिवस सावलीसारखी राहा, बजेटच्या मीटिंगलाही जा. मग ठरव हेच हवंय का.

– स.

ब्रिस्टलहून

ताईंचं पटलं, एक फाटा जोडतो. पुढे जायचं म्हणजे वॉर्ड मॅनेजरच व्हायला हवं असं नाही. मला रोस्टर आणि सिकनेस मीटिंगचा कंटाळा, म्हणून मी अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिसकडे, म्हणजे पेशंट स्वतः तपासून उपचार ठरवण्याच्या कामाकडे, वळलो. मास्टर्स त्यालाही लागतं, पण त्याचे खांब चार: क्लिनिकल काम, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. पहिल्या वर्षी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायला शिकलो. बारा वर्षं नर्स होतो आणि मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, कधी स्वतः ओळखला नव्हता, याची लाज वाटली. मग व्ही३००, म्हणजे स्वतंत्रपणे औषध लिहून द्यायचा अधिकार. रात्री तीनला न्यूज२चा, म्हणजे पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा, स्कोअर ७ होतो आणि ज्युनिअर डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकलेला असतो, तेव्हा पुढचं पाऊल मी टाकतो. माझ्या मते हेही नेतृत्वच, फक्त त्याला ऑफिस नसतं.

सावधान एवढंच की हा अभ्यास जास्त अंगावर येतो. देखरेख करणारा सीनिअर क्लिनिशियन आणि शिकण्यासाठी राखून ठेवलेले तास कागदावर लिहून मिळाल्याशिवाय हो म्हणू नकोस. मला तोंडी मिळाले होते.

– नि.

मिल्टन कीन्सहून

लीड्सच्या बाईंपुढे मी काय बोलणार! माझी फी कंपनीने भरली होती, हे सांगायचं राहिलं.

– द. काका

लेस्टरहून

सगळ्यांचे आभार. ताई, तुमची मेल यांना मोठ्याने वाचून दाखवली. कर्जाचा फॉर्म बाजूला पडला, यांचा जीव भांड्यात पडला.

एज्युकेशन विभागात जाऊन आले. क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचं एक मॉड्यूल जानेवारीपासून, खर्च त्यांचा, आणि त्यानंतर एक वर्ष नोकरी सोडायची नाही ही अट. सही करायच्या आधी ती ओळ दोनदा वाचली.

कटकटही सापडली. डिस्चार्जचा पेशंट सकाळी दहाला कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसतो आणि घरी न्यायची औषधं, म्हणजे टीटीओ, संध्याकाळी येतात. सगळे म्हणतात फार्मसी उशीर करते. मी औषधांच्या कपाटाला आतून चौकोनी कागद लावलाय: डॉक्टरने किती वाजता लिहिलं, फार्मसीत कधी पोचलं, वर कधी आलं. आठवडाच झालाय, पण अकरापैकी सात कागद दुपारी दोनपर्यंत लिहिलेच गेले नव्हते. फार्मसीला कुणी अजून सॉरी म्हटलेलं नाही. स्टिकर लेकीचेच आहेत. एक युनिकॉर्न कमी झाला म्हणून ती माझ्यावर रुसलीय.

नि. दादा, तुमच्या फाट्याचाही विचार चाललाय. पुढच्या महिन्यात आमच्या एसीपीबरोबर, म्हणजे तुमच्यासारखं काम करणाऱ्या नर्सबरोबर, एक दिवस फिरणार आहे.

आणि अ. दादा, रागावू नका, पण आमची तीन माणसं आणि उकडीचे एकवीस मोदक इथेच लिहून घ्या. त्या दिवशी माझी नाइट आहे, वेगळी मेल करायला विसरेन.

– मृ.