आजीच्या डब्यातली जुनी नाणी : विकण्याआधी किंमत कशी कळली? अनुभव लिहा

पारिजात
परवा आत्याचा फोन आला. "चांदी केवढी चढलीये! आईने मला दिलेला रुपयांचा डबा काढून टाकते आता. सराफ वजनावर घेतो म्हणालाय." मी तव्यावरची पोळी सोडून ओरडले, "आत्या, थांब! चार दिवस थांब." पोळी करपली.

१९८८ साली ताईच्या लग्नाच्या वेळी आमच्याकडे हेच झालं होतं. मी नववीत होते. आदल्या रात्री आजी चिंच आणि रांगोळी घेऊन बसली आणि तिच्या वाट्याचे सगळे बंदे रुपये घासून लखलखीत केले. विकायचं तर स्वच्छ द्यावं, ही तिची रीत. सकाळी सराफाने पिशवी तशीच तराजूत ओतली. एकही रुपया उलटून पाहिला नाही. घट धरून पैसे दिले, त्यातून ताईच्या मंगळसूत्राच्या वाट्या झाल्या. गरज होती, त्यामुळे कुणालाच बोल नाही.

पण त्यातला एक रुपया ओटीच्या फटीत गेला होता, तो मला पुढे झाडताना सापडला. पंचम जॉर्ज, १९११. तीन वर्षांपूर्वी पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात सहज नेला. तिथल्या काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "ताई, हा डुकराचा रुपया!" राजाच्या झग्यावर हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसायचा. लोक खवळले, सरकारने बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. मग काकांनी तो उजेडात तिरपा धरून दाखवला. राजाच्या गालावर केसासारखे बारीक गोल गोल ओरखडे. आजीच्या बोटांचे. "घासला नसता तर कितीतरी पट जास्त आले असते," म्हणाले.

त्या पिशवीत अजून काय काय असेल, हा विचार अजून येतो. तुमच्याकडे कशी कळली किंमत? लिहा. आत्याला वाचून दाखवणार आहे.

मोगरी
पोळीचं वाचून पोटात तुटलं, इथेही आत्ताच तेच झालं 😄 आजीच्या बोटांचे ओरखडे... मी तर नसता विकला कधीच.

ठिपका
पारिजातताई, आत्यांना सांगा, आधी तीन ढीग करा. १९३९ पर्यंतचे एक, १९४० ते ४५ दुसरा, १९४७ चा वाघाचा तिसरा. पहिल्या ढिगातला रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर जुना तोळा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. शुद्ध धरली तर १०.७ ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात चांदी निम्मी केली, त्यामुळे १९४० पासूनच्या रुपयात ५.८ ग्रॅमच. वाघाचा तर निव्वळ निकेल, लोहचुंबकाला चिकटतो. माझ्या वडिलांनी सगळं एकत्र नेलं, तर सराफाने अख्ख्या ढिगाला निम्म्या चांदीचा भाव लावला. ढीग वेगळे केले असते तर त्याच दुकानात दीडपट आले असते.
हे फक्त चांदीचं झालं. साल, टांकसाळीची खूण आणि झीज किती, हे पुढचं. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर क्वीन लिहिलंय की एम्प्रेस तेही बघा, एम्प्रेस १८७७ पासून. आणि १८६२ लिहिलेला रुपया १८६२ चाच असेल असं नाही, तेच साल ठेवून पुढे कितीतरी वर्षं पाडत होते. बारीक टिंबं मोजून खरं साल काढतात. मी त्या टिंबांत अख्खे रविवार घालवलेत.

मोगरी
ठिपकादादा, सासूबाईंकडे लक्ष्मीपूजनाचे पाच रुपये आहेत. त्यावर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बसलंय. या दिवाळीला पितांबरीने घासायचा विचार होता!!

ठिपका
नका नका. पितांबरी, टूथपेस्ट, लिंबू काही नको. फारच वाटलं तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवा आणि कापसाने नुसतं टिपा. काळपट रंग राहू द्या. कडेला धरून उचला, चेहऱ्याला बोट लावू नका.

खाडीपलीकडे
आमच्या आजीची पुतळ्यांची माळ. आईच्या वाटणीला सात पुतळ्या आल्या. मोडून बांगड्या करायचं ठरत होतं. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसची मोहर, डुकाट. साडेतीन ग्रॅमची, जवळपास शुद्ध सोनं. समुद्रामार्गे आपल्याकडे आली आणि गळ्यात बसली. एका जाणकार बाईंनी एकेक पुतळी हातात घेऊन सांगितलं की चार तिकडच्या आणि तीन इथल्या सोनाराने नक्कल करून पाडलेल्या. ओळखायचं कसं, तर अक्षरं. नकलेवर नुसत्या उभ्या काड्या आहेत, कारण पाडणाऱ्याला ती लिपीच येत नव्हती. सगळ्यांना कड्या जोडलेल्या, त्यामुळे नाणं म्हणून भाव कमी होतो म्हणाल्या, पण वितळवू नका. आईने नाही मोडल्या. आता माळ भाचीच्या लग्नात निघेल.

घाटावरचा
शिवराई शिवराई म्हणून लोक नाचतात म्हणून लिहितो. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. पण तांब्याच्या शिवराया महाराजांनंतरही खूप वर्षं पाडल्या गेल्या, पेशवाईतही. सगळ्या काही रायगडच्या नाहीत. आमच्या चुलत्यांनी डबाभर शिवराया आणि ढब्बू पैसे मोडीत किलोवर दिले. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. किंमत राहू द्या हो, पण किलोवर?
सोन्याचा होन कुणी घरी आणून दाखवला तर मात्र पैसे काढू नका. नकलांचा सुळसुळाट आहे.

केवडा
घाटावरचा, तुम्ही वाईचे का?

घाटावरचा
वाईच. मेणवलीच्या रस्त्याला.

केवडा
माझं आजोळ! गणपती आळीत होतं घर. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले. असो, नाण्यांबद्दल नंतर लिहिते, मुलाची बस आली.

नर्मदेकाठी
इंदूरहून. आमच्याकडे होळकरांचे रुपये आहेत, सूर्याचं तोंड असलेले. पण अनुभव दुसराच. बाबांच्या पेटीत राम-सीता-हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं निघालं, साल १८१८. दोन माणसं घरी आली, म्हणे हे तांदूळ ओढतं, करोडोंचं आहे, तपासणीचा खर्च तेवढा द्या. आईने तांदूळ आणून ठेवले, एक दाणा हलला नाही. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नव्हती. बाबा मात्र महिनाभर आशेवर होते. त्यांचा चेहरा आठवतो.

सायली
वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं, लाखाला विकत घेतो, असा मेसेज. भावाने नोंदणीचे २,२०० भरले. मग जीएसटी मागितला, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन! रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कमिशनही घेत नाही. आत्यांना हे ठळक वाचून दाखवा. आधी पैसे मागणारा घेणारा नसतोच.

परसातली
आमच्याकडे पाया खणताना मडकं निघालं (भोरजवळ). सासरे म्हणाले आपलंच. दीर वकील, त्यांनी समजावलं की जमिनीत सापडलेलं वारशाचं नसतं, १८७८ चा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. कळवलं. डब्यातलं आणि जमिनीतलं एक समजू नका एवढंच.

दूरदेशी
न्यू जर्सी. आई पर्समधून राणीछाप आणणार होती नातीसाठी. शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, वेळेत कळलं. ठाण्याला भावाकडे ठेवलं. लेक व्हिडिओ कॉलवर बघते आणि विचारते, राणी का रागावलीये?

मोगरी
गोड 💛

पारिजात
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याने ऐकलं, शब्द न् शब्द. दुपारभर बसून ढीग केले. ४१ रुपये निघाले. पहिल्या ढिगात २६. आणि ठिपका, त्यात एक १९३९ चा दिसतोय!

ठिपका
१९३९?! फार दुर्मीळ. पण हुरळू नका. १९३८ चा ८ कोरून ९ करतात. शेवटचा आकडा जवळून टिपून पाठवा.

पारिजात
आत्या घरातलं भिंग शोधतेय. चष्म्याच्या घरात सापडलं.

पारिजात
आठच आहे. खालच्या गोलात डावीकडे हळदीचा कण चिकटून बसला होता. तिने कापूस ओला करून टिपला, घासला नाही. म्हणाली, "आईच्या देव्हाऱ्यातली हळद असेल गं ती." सराफाला तिने नाही म्हणून कळवलंय. दिवाळीला डबा घेऊन इकडेच येतेय.